रिकामी खोली : पुन्हा दाखल झालेल्या एका बाईंच्या घराचे प्रकरण

प्रादेशिक मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्या चार स्त्रिया एका भाड्याच्या घरात राहत होत्या. आठव्या महिन्यात त्यांपैकी एकीचा आजार उलटला, तिला पुन्हा दाखल करावे लागले आणि तिची खोली रिकामी पडली. ती किती दिवस रिकामी ठेवायची, तिचे भाडे कोणत्या पैशातून भरायचे आणि रुग्णालयात ताटकळत असलेल्या दुसऱ्या एखाद्या बाईंना तेथे आणायचे की नाही, यावर संस्था, रुग्णालय, घरमालक आणि घरातल्या उरलेल्या तिघी यांच्यात जो काथ्याकूट झाला, त्याची ही नोंद आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून एकाहून अधिक घरांतील तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. कायद्याचे आणि शासकीय योजनांचे संदर्भ मात्र जसेच्या तसे आहेत. जिच्या खोलीचा हा प्रश्न, तिला घरात सगळ्या माई म्हणत. येथेही तेच नाव ठेवले आहे.

पार्श्वभूमी

माई सातवीपर्यंत शिकलेल्या. लग्न मोडल्यावर त्या माहेरी आल्या आणि तिशीत त्यांना स्किझोफ्रेनियाचा त्रास सुरू झाला. थोरल्या भावाने १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन त्यांना दाखल केले. पहिली दोन वर्षे भाऊ दिवाळीला येऊन फराळाचा डबा देऊन जाई. नंतर येणे थांबले आणि रुग्णालयाने पाठवलेली पत्रे परत येऊ लागली. पुढच्या जवळजवळ सतरा वर्षांच्या केसपेपरवर दर काही महिन्यांनी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच वाक्य लिहिलेले सापडते : "प्रकृती स्थिर, नातेवाईक संपर्कात नाहीत." महिन्याच्या फ्लुफेनाझिन इंजेक्शनावर त्या शांत होत्या, शिवणकाम विभागात काम करत होत्या आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांची वेणीफणीही त्याच करत. त्यांना आत ठेवण्याजोगे आजारात फारसे काही उरले नव्हते.

भावाचा शोध घेतला तेव्हा तो त्याच गावात, त्याच घरात निघाला. बोलण्यात तो वाईट नव्हता. "आम्ही तिला टाकलं नाही, पण घरात आणली तर पोरींची लग्नं कशी व्हायची?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दुसरे कारण त्याने सांगितले नाही, ते तलाठी कार्यालयात कळले. वडील वारल्यानंतर जमिनीची जी वारस नोंद झाली, तीत माईंचे नावच नव्हते, आणि बहीण परत आली तर सातबाऱ्यावर तिचे नाव लावावे लागेल, ही धास्ती त्या घराला होती. दीर्घकाळ आत राहिलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांत हा धागा इतक्या वेळा सापडतो की गृहभेटीला जाताना सातबारा आणि फेरफार आधी पाहून जाणेच शहाणपणाचे ठरते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे १९ वे कलम सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याच्या सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आणि अर्धमार्ग गृहे (रुग्णालय आणि घर यांच्यामधला टप्पा), समूह गृहे यांसारख्या कमी बंधनाच्या सोयी शासनाने वाजवी मुदतीत उभ्या कराव्यात किंवा त्यांना साहाय्य द्यावे. ही मुदत किती, हे कायद्यात लिहिलेले नाही. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ आत असल्याचे आढळले होते. महाराष्ट्रात तर बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवल्याची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये घ्यावी लागली आणि हा प्रकार तातडीने थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. नोंदवहीत आकडा कमी दिसावा म्हणून माणसे एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात सरकवणे कागदावर फार सोपे असते.

घर

चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' नावाने चार-पाच जणांची घरे वस्तीतच भाड्याने घेण्याचा प्रयोग चालवला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्याला चांगल्या प्रघातांमध्ये स्थान दिले. माईंचे घर त्याच धर्तीवर एका लहान संस्थेने उभे केले होते. शहराच्या कडेला बैठे घर, पुढे तुळस आणि कपडे वाळत घालण्यापुरते अंगण, मोठ्या खोलीत दोघी, बाहेरच्या खोलीत एक, आणि स्वयंपाकघरामागची लहान खोली माईंची. दिवसभर एक कार्यकर्ती सोबत असे. रात्रीची सोबत पहिल्या तीन महिन्यांनंतर काढून घेतली होती.

पहिल्या काही आठवड्यांत दिसलेल्या गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत, कारण मूल्यमापनाच्या छापील तक्त्यात त्या बसत नाहीत. वॉर्डात संध्याकाळचे जेवण सहाला होई, म्हणून चौघींनाही कित्येक महिने सहा वाजताच भूक लागे. माई जेवण दहा मिनिटांत उरकत आणि ताट धुऊन, पुसून आपल्या खाटेखाली ठेवत. ते फडताळात ठेवले तर परत मिळेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. आंघोळीला जाण्याआधी त्या दाराशी उभ्या राहून कार्यकर्तीला विचारत, "जाऊ का, ताई?" भाताचे प्रमाण एकीलाही आठवत नव्हते. पहिल्या रविवारी पातेलेभर भात उरला, तेव्हा त्याचा फोडणीचा भात करायची कल्पना माईंना सुचली, आणि तेव्हापासून स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे गेला. खोलीची किल्ली त्यांनी मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

कागदपत्रांचे काम याहून वेळखाऊ होते. आधी आधार, मग जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाचे मूल्यमापन, मग यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), मग बँकेत खाते, मग तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज, अशी ही साखळी असते आणि तिची एक कडी अडली की पुढचे सगळे अडते. मानसिक आजारामुळे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर या योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एरवीच्या २१ हजारांऐवजी ५० हजार रुपये धरली जाते. बँकेत "पालक कोण?" असे विचारले गेले. कायद्याने सज्ञान असलेल्या आणि कोणत्याही न्यायालयाने पालक न नेमलेल्या बाईला पालक लागत नाही, हे पटवून देण्यात तीन खेपा झाल्या. रुग्णालयाच्या रजिस्टरात वर्षानुवर्षे अंगठा उठवलेल्या माईंनी खात्याच्या अर्जावर मात्र सावकाश, जोडाक्षरासकट, पूर्ण सही केली. २०२४ मध्ये मंजूर झालेले दरमहा १,५०० रुपये त्यांच्या हातात येऊ लागले.

एका गोष्टीकडे मात्र त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही. लिव्ह अँड लायसन्स करार, जो महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, तो घरमालक आणि संस्था या दोघांतच झाला होता. चौघींपैकी कोणाचेही नाव त्यात पक्षकार म्हणून नव्हते. घरमालकाला बायकांची भीती नव्हती, भाडे बुडण्याची होती, त्यामुळे संस्थेच्या सहीवर त्यांचे समाधान झाले आणि संस्थेलाही ते सोयीचे वाटले. याचा अर्थ असा होता की गळ्यात किल्ली बाळगणाऱ्या माई त्या खोलीत संस्थेच्या मर्जीने राहत होत्या.

आजार उलटणे

सहाव्या-सातव्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनाचा साठा संपला आणि त्याऐवजी गोळ्या देण्यात आल्या. कार्यकर्तीसमोर घेतलेल्या गोळ्या नंतर थुंकल्या जात होत्या, हे उशिरा कळले. माईंची झोप उडाली. मग त्यांनी घरातल्या माठाचे पाणी बंद केले, कारण बाहेरच्या खोलीत राहणाऱ्या अक्का त्यात काही मिसळतात, असा त्यांचा ठाम समज झाला होता. पुढे जेवणही सुटले, आणि दोनदा पहाटेच्या अंधारात त्या महामार्गाने एस.टी. स्टँडच्या दिशेने चालत जाताना सापडल्या. स्वतःची काळजी घेण्याची क्षमता जिवाला धोका होण्याइतकी ढासळली होती. आणि दाखल होण्यास त्यांची संमती नव्हती.

अशा वेळी २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साहाय्यासाठी रुग्णाने नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. माईंनी आपला प्रतिनिधी म्हणून काही महिन्यांपूर्वी मोठ्या खोलीतल्या काकूंचे नाव लिहून दिले होते. कायद्याला ते चालते. प्रतिनिधी सज्ञान, सक्षम आणि लेखी तयारी देणारा असला की पुरे. पण जी बाई स्वतः बारा वर्षे आत काढून आली, तिने सोबतिणीला आत पाठवण्याच्या अर्जावर सही करायची, हा भार किती मोठा आहे याचा विचार त्या कागदावर नाव घालताना कोणी केला नव्हता. काकूंनी सही केली. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

खोलीचा वाद

पहिल्या पंधरवड्यात कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनी यादी पाठवली. घरी जाण्यास योग्य ठरलेल्या, पण जागेअभावी थांबलेल्या बायकांची ती यादी होती. त्यांचे म्हणणे असे की माई सध्या रुग्णालयात आहेत, त्यांची उत्तम काळजी घेतली जात आहे, त्यांना किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. मग त्या जागी दुसरी बाई गेली तर निदान एकीची तरी सुटका होईल, आणि माई बऱ्या झाल्या की पुढच्या घरात त्यांचा पहिला क्रमांक लावू. हा युक्तिवाद निर्दय म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या बाईने दहा-दहा वर्षे वाट पाहिली आहे, तिला "एक खोली रिकामी आहे, पण ती तुला मिळणार नाही" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

संस्थेच्या हिशेबनिसाची अडचण वेगळी होती. देणगीदाराचा अहवाल तिमाहीचा आणि त्यात रकाना होता भरलेल्या जागांचा. रिकाम्या खोलीचे भाडे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या जागी तो रास्तच होता. घरमालकांनी पोलीस पडताळणीत दिलेली नावे बदलणार असतील तर आधी कळवा, एवढेच सांगितले.

घरातल्या तिघींना विचारायचे ठरले ते थोडे उशिराच. अक्कांचे मत स्पष्ट होते : माई परत नको. ज्या बाईने आपल्यावर विष घातल्याचा आळ घेतला, तिच्या शेजारी पुन्हा झोपायचे कसे, असे त्यांनी विचारले, आणि आजारात माणूस काहीही बोलते या उत्तराने त्यांचे समाधान होण्याचे कारण नव्हते. काकू इतकेच म्हणाल्या, "माझ्या सहीनं ती आत गेली. आता माझ्या सहीनं तिची खोली गेली, असं होऊ देऊ नका."

चौथी बाई, वयाने सर्वांत लहान, या बैठकीत काहीच बोलली नाही. तिच्याबद्दल जे नंतर कळले, त्याने माझ्या दृष्टीने हा वाद निकाली निघाला. माई दाखल झाल्यापासून तिला स्वतःलाही रात्री झोप लागत नव्हती, आणि तिने ते कार्यकर्तीपासून पद्धतशीर लपवले होते. पहाटे कार्यकर्ती येण्याच्या वेळी ती डोळे मिटून पडून राही, दुपारी गुंगी आली तर डोके दुखते म्हणे. काकूंनी खोदून विचारल्यावर तिने सांगितले की झोप येत नाही असे म्हटले की डॉक्टरकडे नेतात, डॉक्टर ठेवून घेतात, आणि मागे खोली दुसऱ्याला देतात. खोली अजून कोणाला दिलीही नव्हती. केवळ चर्चा चालू होती आणि ती भिंतीपलीकडे ऐकू गेली होती.

सोबतीच्या घराची सगळी मदार आजाराची चाहूल लवकर लागण्यावर असते. झोप कमी झाली, कोणी कुजबुजते असे वाटू लागले, जेवण नकोसे झाले की बाईने ते आपण होऊन सांगावे आणि औषधात वेळीच बदल होऊन दाखल करण्याची वेळ टळावी, हे या व्यवस्थेचे खरे काम आहे. आजारी पडल्यावर घर जाते असे एकदा दिसले की हे सांगणे बंद होते, आणि कितीही चांगली कार्यकर्ती नेमली तरी तिला बाहेरूनच अंदाज बांधत बसावे लागते. म्हणून प्रतीक्षायादीतल्या एका बाईला ती खोली देऊन एकीची सुटका झाली असती, हे खरे असले तरी त्याची किंमत घरातल्या तिघींनी आणि पुढे त्या घरात येणाऱ्या प्रत्येकीने मोजली असती. यादीतल्या बाईचे उत्तर आणखी एक घर उभे करणे हेच आहे. ते शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. माईंच्या खोलीवर त्याचा भार टाकता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली 'पाथवेज टू हाउसिंग' या संस्थेने रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना औषधोपचाराची अट न घालता थेट घर देण्यास सुरुवात केली, तेव्हा घराचा हक्क आणि उपचार यांची फारकत हेच तिचे मूळ तत्त्व होते : रुग्णालयात जावे लागले तरी घर तुमचेच राहते. पुढे २००९ पासून कॅनडातल्या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांना घेऊन याच तत्त्वाची मोठी चाचणी झाली आणि अशा पद्धतीने घर मिळालेले लोक नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ घरात टिकून राहिले. आपल्याकडे भाड्याला शासकीय आधार नाही, त्यामुळे ती रचना तशीच्या तशी येथे उतरणार नाही. पण घर देणारा आणि उपचार पाहणारा एकच असला की दोन्ही दोऱ्या एकाच हातात राहतात, हे निरीक्षण येथेही तंतोतंत लागू पडते.

निर्णय

शेवटी ठरले ते असे. माईंची खोली दाखल झाल्यापासून ९० दिवस राखून ठेवायची, त्यांचे सामान हलवायचे नाही आणि कपाटाची किल्ली त्यांना वॉर्डात नेऊन द्यायची. भाड्याचा त्यांचा वाटा देणगीदाराच्या परवानगीने 'घर टिकवणे' या नव्या शीर्षाखाली दाखवायचा. परवानगी मागितल्यावर ती एका पत्रात मिळाली. तोवर ती कोणी मागितलीच नव्हती. आणि करार नव्याने करायचा : चौघी सहपरवानाधारक, म्हणजे राहण्याचा परवाना स्वतःच्या नावावर असलेल्या पक्षकार, म्हणून, संस्था जामीनदार म्हणून. घरमालकांनी अनामत रक्कम वाढवून मागितली आणि दुय्यम निबंधक कार्यालयात चौघींनाही प्रत्यक्ष यावे लागेल, अशी अट घातली. तिघी गेल्या, माईंचे नाव त्या परतल्यावर पुरवणी कराराने घातले गेले.

अक्कांचा प्रश्न या निर्णयाने सुटला नाही आणि तो सुटल्याचे कोणी भासवलेही नाही. त्यांना दुसऱ्या घराचा पर्याय दिला तेव्हा त्यांनी तो घेतला. त्यांच्या जागी यादीतली एक बाई आली, म्हणजे रुग्णालयाची मागणी एका वेगळ्या वाटेने पुरी झाली. पण हा योगायोग होता, तो निर्णयाचे समर्थन म्हणून वापरू नये.

परतल्यानंतर

माईंची ३० दिवसांची मुदत संपण्याआधीच त्या स्वतःहून राहण्यास तयार झाल्या होत्या, म्हणून पुढचा काळ त्यांची नोंद स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्ण अशी झाली. सात आठवड्यांनी त्या घरी आल्या. इंजेक्शन पुन्हा सुरू झाले होते. हात किंचित थरथरत, म्हणून सोबत ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी. आल्या दिवशी त्यांनी कपाट उघडून साड्या मोजल्या. स्वयंपाकघरात मात्र नव्या बाईने डबे वेगळ्या क्रमाने लावले होते आणि त्यावरून दोघींची पहिल्याच आठवड्यात वादावादी झाली, ती काकूंनी मिटवली. धाकटीने त्याच महिन्यात कार्यकर्तीला आपण होऊन झोपेबद्दल सांगितले, आणि औषधाच्या वेळेत किरकोळ बदल करून ते निभावले. काकूंनी प्रतिनिधी म्हणून आपले नाव काढून घेतले. माईंनी त्या जागी अद्याप कोणाचे नाव दिलेले नाही.

औषधसाठ्याबाबत रुग्णालयाशी पत्रव्यवहार झाला असून इंजेक्शन संपत आल्याची सूचना आता घरापर्यंत आधी पोहोचते. रात्रीची सोबत गरजेपुरती पुन्हा सुरू करण्यासाठी पैसे नाहीत. तोवर रात्री अडचण आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावला आहे आणि कार्यकर्ती फोनवर असते. माईंच्या वारसा हक्काबाबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे. भावाला न दुखवता काही करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

नव्या कराराची मुदत अकरा महिन्यांची आहे आणि देणगीची तीन वर्षांची, त्यातले दुसरे चालू आहे. चौघींचे अनुदान एकत्र केले तरी भाड्याच्या निम्म्याच्या आसपास जाते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी उरलेली रक्कम कोठून यायची, हा विषय संस्थेच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला आहे.